भरल्या टाकीवर

बेदाण्याच्या गोदामात, गंधकाच्या वासात
भूपाल मगदूमनं तीन विमानं मांडली
खोक्यांच्या थप्पीवर, कागदावर छापलेली,
उडू नयेत म्हणून वर चहाचे पेले.
"ह्यातली कुठली घिऊ सांग, दस्तगीर.
एअर फोर्समधी वीस वर्सं काढलीस."

काढली खरी. शिकाऊ पोरांच्या विमानांखाली,
पाना हातात धरून.
आता मिरजेत बोअरच्या गाड्यांचे कॉम्प्रेसर खोलतो.

पहिलंच सांगितलं ते त्याला रुचलं नाही:
मूनी, सिरस, बोनान्झा,
तिघींच्या नाकात इंजिन एकाच घराण्याचं.
सहा सिलिंडर, साडेपाचशे घनइंच,
घोडे दहावीस इकडंतिकडं.
"मग फरक कशाचा एवढा?"
"थॉमसन अख्ख्या तासगावात आहे," म्हटलं,
"बेदाणा सगळ्यांचा तुझ्यासारखा का होत नाही?"
हे रुचलं.

मूनी बारीक, शेपटी ताठ,
तेवढ्याच पेट्रोलात सगळ्यांच्या पुढं.
तिच्यात बसायचं नसतं, ती अंगात घालायची,
लग्नातल्या जुन्या पँटसारखी, श्वास रोखून.
भूपालनं एकदा पोटाकडं बघितलं.

सिरसची चाकं बाहेरच. आवरायची नाहीत,
सोडायला विसरायचीही नाहीत.
आणि पाठीत घडी घातलेली छत्री:
तांबडी मूठ ओढली की अख्खं विमान
दोऱ्यांना लोंबकळत खाली येतं.
इतका वेळ बिलं फाडणारी पद्मल
इथं पहिल्यांदा बोलली,
"हीच घ्या."

बोनान्झाला मागं मोठं दार, सहा खुर्च्या.
दार लागतं ते घरच्या दारासारखं, ठप्प.
पण पेट्रोल जळेल तसा तोल मागं सरकतो.
निघताना जिला ओळखत होतास
ती उतरताना हातात वेगळी लागते.

जुनी घेणार तर रंगावर जाऊ नको.
खिलार घेताना जबडा उघडतोस ना,
तशी सिलिंडरात दुर्बीण घाल, व्हॉल्व्हचा जळका काठ बघ.
ऐंशीची हवा मार. सत्तर धरली तर भाव काढ,
पन्नासवर आली तर चहा पी आणि परत ये.

तो मात्र वेगाचंच धरून बसलेला.
कवलापूरच्या पट्टीवर गवत, म्हणून कराडहून,
बंगळूरला, पोरीकडं.
"मूनी बोनान्झाच्या आधी दहा मिनिटं पोचेल," मी म्हणालो.
"दहा मिनिटं."
"त्या दहा मिनिटांत तिथं काय करणार आहेस?"
तो गप्प.
पद्मलनं एक बिल दोनदा फाडलं.

मग मी वजनं विचारली.
खुर्च्या चार असतात, भूपाल,
पण टाकी गच्च भरली
की मूनीत दोन माणसं आणि एक पिशवी.
कोण मागं राहणार ते विमान विकणारा सांगत नाही.

गोदामाचा काटा शून्यावर आणला.
भूपाल ब्याण्णव. पद्मल अठ्ठावन्न, चपला काढून.
अभिनंदन एक्क्याऐंशी, फोनवर बोलत बोलत.
पोरीसाठी बेदाण्याचं खोकं, पंधरा.
दोनशे शेहेचाळीस.
कागदावरच्या सिरसला भरल्या टाकीवर तीनशे.
चोपन्न उरले.

"तुझं किती?" भूपाल म्हणाला.

मी हसलो. वीस वर्षं
इंजिनं वर पाठवली आणि सुट्टीला रेल्वेनं घरी आलो.
सही करायचो: उडायला योग्य.
ती इंजिनाबद्दल असायची.

"चढ की."
चढलो. सत्तावन्न.

"तीन किलो जास्त," मी लगेच म्हणालो.
"बेदाणा कमी करू," पद्मल म्हणाली.
"बेदाणा राहू दे. चार लिटर पेट्रोल कमी भरायचं.
म्हणजे साधारण चार मिनिटांची हवा."
"मग दिली," भूपाल म्हणाला,
आणि कुठली घ्यायची ते न ठरवताच
पेले उचलून आत गेला.

कागद फडफडले, एक खाली पडला.
वाकून उचलायचं होतं मला,
पण काट्यावर अजून सत्तावन्न दिसत होते
आणि मी उतरलो नव्हतो.